हातानं आवळलेले बोल्ट

खंडेनवमीला पुजलेल्या पान्याला हात लावायचा नाही, हे मला मान्य आहे. माझ्या माहेरी तर त्या दिवशी विळीसुद्धा उचलत नाहीत, भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवतात. पण मग नेमक्या त्याच दिवशी गाडीचं बॉनेट उघडून नवीन पाईप बसवायला जायचं कशाला? हा प्रश्न मी आमच्या ह्यांना किती वेळा विचारला असेल देव जाणे. उत्तर अजून मिळालेलं नाही.

आम्ही सिन्नरजवळचे. थोडी डाळिंबं आहेत, आणि माझ्या मधमाश्यांच्या पेट्या. शेत दोघांचं, पण माश्या माझ्या एकटीच्या. हे त्यांच्या वाटेला जात नाहीत. लग्नानंतर एकदा कानामागं डसली होती, तेव्हापासून पेट्यांच्या बाजूनं जायचं असलं की बांधावरून वळसा घालून जातात. गाडी मात्र त्यांची. मालाची पिकअप आहे, पण लाड असे की घोड्याचेही कुणी करणार नाही. आज हॉर्न बदल, उद्या दिवे बदल. गेल्या वर्षी त्यांच्या डोक्यात भरलं की भरलेली गाडी घाटात दम टाकते, तिला हवा कमी पडते. मोबाईलवर कोण कुठली पोरं गाड्यांना जाड पाईप आणि मोठा फिल्टर बसवताना दाखवतात, ते बघून बघून ह्यांनी तसलाच पाईप मागवला. नाकापेक्षा मोती जड, मी म्हटलं. ऐकतंय कोण.

दसऱ्याला गाडीची पूजा होण्याआधी पाईप बसलाच पाहिजे, हा हट्ट. म्हणून खंडेनवमीला सकाळी गॅरेज गाठलं. त्या नवीन पाईपावर एक सेन्सर बसतो. आत किती हवा चालली ते मोजून तो इंजिनाला सांगतो, आणि इंजिन त्या हिशोबानं डिझेल घेतं. दोन बारीक बोल्टांवर तो बसलेला असतो. सगळं काम झालं, तेवढे दोन बोल्ट राहिले, आणि मिस्तरीच्या घरून निरोप आला की पूजेची वेळ झाली. गॅरेजातले सगळे पाने धुऊन, पुसून पाटावर मांडले गेले, त्यांवर हळद-कुंकू पडलं. आता त्यातला पाना कोण उचलणार? मिस्तरीनं ते दोन बोल्ट बोटांनी फिरवले, होता होईल तेवढे आवळले आणि म्हणाला, दसरा झाला की ये, पाना मारून देतो. नारळ फुटला, खोबरं वाटलं, हे गाडी घेऊन घरी आले.

यातलं एक अक्षरही मला सांगितलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की गडी खुशीत आहे आणि गाडी नुसती वाऱ्यासारखी पळतेय.

माझ्या पेट्या तेव्हा पेठच्या बाजूला होत्या. तिकडं डोंगरउतारावर खुरासणी फुलते, सगळी टेकडी पिवळी होते, आणि माश्यांची चंगळ असते. पण ती फुलं संपत आली होती, आणि इकडं आमच्या डाळिंबांना कळी लागली होती. पेट्या हलवायलाच हव्या होत्या. दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दुपारी आम्ही पेठकडं निघालो.

माश्या हलवायच्या म्हणजे काय, ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संध्याकाळी सगळ्या घरी आल्या की पेटीचं गेट जाळीच्या पट्टीनं बंद करायचं. मग पेट्या गाडीत चढवायच्या, दोर बांधायचे, आणि ऊन चढायच्या आत नव्या जागेवर उतरवून गेट उघडायचं. गाडी चालती असली की वारा लागतो, माश्या निवांत असतात. गाडी उभी राहिली, त्यात ऊन आलं, की आत हजारो जीव एकमेकींच्या अंगावर चढतात, पंख मारमारून आपणच आणखी गरम होतात. मेण मऊ पडतं, पोळं कोसळतं, आणि सगळ्या आपल्याच मधात बुडून मरतात. म्हणून पेट्या भरलेली गाडी उभी करायची नसते. काही झालं तरी नाही.

त्या संध्याकाळी उकाडा इतका होता की माश्या पेट्यांच्या तोंडाशी दाढीसारख्या लोंबत होत्या, आत जायला तयारच नाहीत. पहाटे गारवा पडल्यावर कुठं आत गेल्या. सगळं बांधून निघायला उजाडलं. उशीर झाला होता, पण फार नाही. ऊन तापायच्या आत सिन्नरला पोचलो असतो.

सावळघाटाची चढण लागली आणि गाडीनं पहिल्यांदा हिसका दिला. मग दुसऱ्यांदा. ह्यांनी गिअर खाली घेतला. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि पळणारी गाडी रांगायला लागली. पाय शेवटपर्यंत दाबलेला, तरी काटा वर जाईना. मागून काळा धूर. एका वळणावर शेवटी ती उभीच राहिली. इंजिन चालू होतं, पण चढायचं नाव नाही.

"काय झालं?"

"डिझेलमध्ये पाणी असंल," हे म्हणाले.

"मग आता?"

"बघतो ना. दम धर जरा."

मी दम धरला. ह्यांनी डिझेलच्या फिल्टरखालचं पाणी काढायची चावी हातानं सोडून बघितली. पाणीबिणी काही नव्हतं. बंद करून परत चालू केली, तेच. फोन लावावा तर त्या वळणावर रेंज नाही. "पाने काढा की तुमचे, बॉनेटमध्ये बघा," मी म्हटलं, तर हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाने घरी हायेत. पाटावर. पुजलेत ना."

आता हसू नका. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दरीच्या पलीकडच्या डोंगरावर ऊन उतरलेलं दिसत होतं, आणि ते हळूहळू आमच्याकडं सरकत होतं. मागं हौद्यात माश्यांचा आवाज बदलत होता. निवांत असल्या की त्या गुणगुणतात. तापल्या की आवाज चढतो, बारीक होतो, एकसारखा. मी पाण्याचा कॅन घेऊन मागं चढले आणि जाळ्यांवर पाणी शिंपडलं. कॅन संपला. आवाज उतरला नाही.

मी रस्त्यात उभी राहून हात केला. एक जीपवाला थांबला, काच खाली केली, मागच्या पेट्या बघितल्या, जाळीवर फिरणाऱ्या माश्या बघितल्या, काच वर केली आणि निघून गेला. नंतर एसटी आली, तिच्या सगळ्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. मोटरसायकलवाले तर डोकं खाली घालून पळायचे. कुणाला दोष देऊ? मीही थांबले नसते. पण तेव्हा मला सगळ्या जगाचा राग आला होता.

ऊन गाडीवर आलं.

मी पेट्यांवर हात ठेवून बघत होते. कडेच्या काही पेट्यांची झाकणं तव्यासारखी लागत होती. त्यांच्या जाळीला माश्या अशा चिकटल्या होत्या की मध्ये भोक दिसत नव्हतं. आता माझ्यापुढं दोनच गोष्टी होत्या. गेट बंद ठेवलं तर आतल्या सगळ्या जातील, राणी, पिल्लं, सगळं. गेट उघडलं तर उडणाऱ्या बाहेर येतील, आतली गर्दी मोडेल, राणी वाचेल. पण बाहेर आलेली माशी जागा पाठ करते. तिला हेच वळण आपलं घर वाटणार. गाडी इथून हलली की ती परत इथंच येणार, आणि इथं काही नसणार.

"अहो, मी गेट उघडतेय," मी ओरडले.

"येडी झाली का? रस्त्यावर?"

"तुम्ही आत बसा आणि काचा लावा!"

मी जाळी तोंडावर ओढली आणि कडेच्या पेट्यांच्या पट्ट्या उपसल्या. काय तो लोंढा! सगळं वळण माश्यांनी भरलं. हे केबिनमध्ये काचा लावून घामाघूम होऊन बसलेले, आणि मी बाहेर रडत होते. हो, रडत होते, लाज कसली? त्या पेट्यांचा पहिला थवा मी स्वतः विहिरीच्या कठड्यावरून उचलून आणला होता. हातानं साखरपाणी घालून जगवला होता. पोटच्या पोरीला कुणी कढईत धरावं तसं मला होत होतं.

पण रडून गाडी चालत नाही. मी धुराचा डबा पेटवला, स्मोकर म्हणतात त्याला, गोणपाटाचा तुकडा आणि गोवरी घालून. धूर असला की माश्या डसायच्या जरा कमी होतात. बॉनेट उघडलं, चारी बाजूंनी धूर केला आणि काचेवर थाप मारली. "या आता बाहेर. मी आहे. बघा काय ते."

हे आले. खरं सांगते, कानावर रुमाल बांधला होता, पण आले. "इंजिन चालू कर, आवाज ऐकतो," म्हणाले. मी चालू करून आले. ऐकणार काय, कपाळ? माश्यांच्या आवाजात इंजिन तरी धड ऐकू येत होतं का? ह्यांनी एक वायर हलवली, दुसरी हलवली. मी शेजारी उभी राहून त्यांच्या हातांवर धूर सोडत होते.

आणि मला दिसलं, सगळा धूर वर जात नाहीये. वारा घाटातून वर येत होता, बाकीचा धूर वर निघून जात होता, पण एक बारीक धार वळून त्या नव्या पाईपाकडं चालली होती आणि तिथं आत नाहीशी होत होती. मी डबा आणखी जवळ नेला. धूर त्या सेन्सरच्या बुडाशी असा ओढला जात होता, जसा काही तिथं कुणी तोंड लावून विडी ओढतंय.

"अहो, हे काय आहे?"

ह्यांनी सेन्सरला बोट लावलं. तो दातासारखा हलला. एक बोल्ट होता, अर्धा बाहेर आलेला. दुसऱ्याचं भोक नुसतं रिकामं.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. मला वाटलं नशिबाला दोष देतील, पाईपवाल्याला शिव्या घालतील. तर हे म्हणाले, "मिस्तरी बोलला होता. हातानं आवळलेत म्हणून. पाने पूजेत गेले होते."

"आणि तुम्ही?"

"मला वाटलं, चाललीय ना झकास."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सासूबाई असत्या तर कानात बोटं घातली असती त्यांनी. पण बोलता बोलता हात चालू होते. पेटी उघडायची लोखंडी पट्टी माझ्या पिशवीत होती, आणि पोळ्याच्या लाकडी चौकटींना तार ओढायची पक्कड. पक्कडीनं तो उरलेला बोल्ट आवळला, अगदी पक्का. हरवलेल्याच्या जागी चौकटीची तार घातली, पाईपाभोवती फिरवून पीळ दिला. फट राहिली होती, तिथं मेणाचा गोळा दाबला. पाईपाचा तो भाग फार तापत नाही म्हणाले, टिकेल. मग बॅटरीची वायर काढून ठेवायची, म्हणजे इंजिन मागची चूक विसरतं, हे म्हणाले. ती वाट बघणं! गाडी बंद, ऊन डोक्यावर, आणि मी एकेका पेटीवर भिजवलेलं लुगडं टाकत फिरतेय. लुगडं नेसायचं नव्हे, पेट्या झाकायला ठेवलेलं जुनं. भिजवायला पिण्याच्या बाटलीतलं पाणी राहिलं होतं तेवढंच.

वायर जोडली. किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला, आणि गेला. पाय दिला तर इंजिन हुंकारलं. ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगला लावून नमस्कार केला.

"चल, बस पटकन," ते म्हणाले.

मी उघडलेल्या पेट्यांच्या पट्ट्या परत लावत होते. आत जेवढ्या होत्या तेवढ्या कोंडल्या. बाहेर राहिलेल्या माश्या हवेत फिरत होत्या, कठड्यावर बसत होत्या, बॉनेटवर, माझ्या खांद्यांवर.

"ह्या बाहेरच्यांचं काय?" मी म्हटलं.

"अगं, आता त्यांच्यासाठी बाकीच्या मारणार का?"

खरं होतं ते. पण एक उपाय होता, आणि तो त्यांनाही माहीत होता. एक पेटी इथं ठेवायची, राणीसकट, गेट उघडं. बाहेरच्या सगळ्या संध्याकाळपर्यंत तिच्यात शिरतात. फक्त पेटीजवळ माणूस हवा, नाहीतर रस्त्यावर ठेवलेली पेटी राहते होय? मी थांबले तर तिकडं उतरवून गेटं कोण उघडणार, कुठली आधी, कुठलीला पाणी, हे ह्यांना काय कळणार. गाडी मलाही येते.

आम्ही एकमेकांकडं बघत उभे राहिलो. मला ते मागायचा धीर होईना, खरंच.

"मी थांबतो," ते म्हणाले. "तू हो पुढं."

झाडाच्या सावलीला एक पेटी उतरवली, झाकणावर दगड ठेवला, गेट उघडलं. माझी जाळीची टोपी मी त्यांच्या डोक्यावर घातली. जाताना आरशात बघितलं, तर ते पेटीपासून चांगले लांब, कठड्याला पाठ लावून उभे होते.

पुढचा रस्ता मी कसा काढला ते मलाच माहीत. घाटात वारा लागला आणि मागचा आवाज जरा उतरला. नाशकात शिरल्यावर पुन्हा चढला. पंचवटीत गाड्यांना अजून झेंडूच्या माळा, रिक्षांची गर्दी, सिग्नलला उभं राहिलं की मी मागचा आवाज ऐकायची. शेजारचा स्कूटरवाला विचारतो, "ताई, मागं काय ओरडतंय?" मी म्हटलं, "बाजूला व्हा, एवढंच." टोलनाक्यावर रांग, तिथं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आणि मोहदरी घाटाच्या चढाला तो पिवळा दिवा परत लागला.

"लाग, किती लागायचं ते," मी मोठ्यानं म्हटलं. दुसऱ्या गिअरमध्ये, मागं ट्रकांची रांग, सगळे शिव्या देतायत, मी तशीच चढत राहिले. तार धरून होती म्हणायची. घाट संपला तेव्हा माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं.

शेतात माझा भाऊ उभा होता, पेट्या उतरवायला बोलावलेला. पेट्या उतरवल्या, गेटं उघडली. एकेका दारातून माश्या बाहेर आल्या, दमल्यासारख्या, पण आल्या. गोल फिरून नवी जागा बघायला लागल्या. एका पेटीतून मात्र काहीच आलं नाही. मधल्या ओळीतली होती, चारी बाजूंनी दबलेली, वळणावर तिथं माझा हात पोचला नव्हता. झाकण काढलं. पोळी खाली बसली होती. आत नुसता मध आणि त्यात काळे, ओले जीव. भाऊ म्हणाला, "ताई, एकच गेली. बाकीच्या हायेत." मी त्याच्यावर उगाच खेकसले आणि झाकण परत ठेवलं.

भावाच्या पान्यांनी, त्याची पूजा उरकलेली होती, हरवलेल्याच्या जागी दुसरा घालून सेन्सरला दोन्ही बोल्ट मारून घेतले. मग गाडी घेऊन परत निघाले. रस्ताभर मी ह्यांना काय काय सुनवायचं ते जुळवत होते. पाईपाबद्दल. मिस्तरीबद्दल. चाललीय ना झकास, याबद्दल तर खास. त्या मेलेल्या पेटीचं झाकण त्यांच्याच हातानं उघडायला लावायचं, असंही ठरवलं होतं.

वळणावर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं, दरीतून गार वारा यायला लागला होता. हे कठड्याला टेकलेले नव्हते. पेटीशेजारी मांडी घालून बसले होते, नुसत्या बनियनवर. सदरा पाण्यात भिजवून झाकणावर टाकला होता. पाणी कुठून आणलं विचारलं तर खालच्या ओहोळाकडं हात केला. सदरा काढताना टोपी उतरवली ती तशीच बाजूला पडली होती, आणि एक डोळा सुजून बंद झाला होता, वरचा ओठ टम्म.

"किती गेल्या?" त्यांनी विचारलं.

"एक पेटी."

त्यांनी झाकणावरचा सदरा सारखा केला. सुजलेल्या तोंडानं धड बोलताही येत नव्हतं. खाली वाकून गेट बंद करायला पट्टी लावली, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. कठड्यावर अजून हायेत."

होत्या. गारठून बसलेल्या, उडता न येणाऱ्या. मला दिसल्याही नव्हत्या. हे उठले, कठड्यापाशी गेले आणि एक बोट माशीपुढं ठेवलं, उघडं बोट. ती हळूहळू चढली. त्यांनी हात तसाच पेटीपर्यंत आणला, दारापाशी टेकवला, आणि ती आत जाईपर्यंत हलवला नाही. मग दुसरीसाठी परत गेले.

"जा गं बाई, जा घरी," प्रत्येकीला म्हणत होते.

मी रस्ताभर जुळवलेलं सगळं तोंडात होतं. ते तिथंच राहिलं. पट्टी हातात धरून मी त्यांचं होईपर्यंत उभी राहिले.